गोगलगाईचा बिनकवचाचा भाऊ

मंडळी, पहिला पाऊस पडला की शेताच्या बांधावर दोन जीव हमखास भेटतात. एक गांडूळ आणि दुसरी गोगलगाय. दोघेही मऊ, दोघेही ओलसर, दोघांनाही हाडे नाहीत. तरी कोणी विचारले, "हे दोघे एका जातीचे का?" तर लहान मूलही म्हणेल, "छे! गोगलगाईच्या पाठीवर घर असते. गांडुळाच्या पाठीवर काय आहे?"

उत्तर बरोबर आहे. पण आता दुसरा प्रश्न ऐका. एखाद्या गोगलगाईला घरच नसेल, अंग गांडुळासारखे लांब असेल, पाय नसेल, डोळे नसतील, शिंगेही नसतील, तर तुम्ही तिला काय म्हणाल? तुम्ही म्हणाल, "मग ते गांडूळच की!"

समुद्राच्या तळाशी असा एक जीव खरोखर राहतो. तो दिसतो गांडुळासारखा, पण आहे गोगलगाईच्या भावकीतला. मोठमोठे विद्वानही त्याला बघून फसले. तो किडा नाही हे पक्के समजायला कित्येक वर्षे लागली. ते कसे समजले, तेच आज आपण पाहू.

त्याचे नाव

शास्त्रज्ञ त्याला कीटोडर्मा निटिडुलम म्हणतात. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. कीटोडर्मा म्हणजे केसाळ कातडीचा. निटिडुलम म्हणजे चकचकीत. त्याचे अंग ओल्या रेशमासारखे, रुप्यासारखे चमकते, म्हणून हे नाव पडले.

आपण पांढऱ्या बैलाला ढवळ्या म्हणतो. तसे या जिवाला, आपल्या सोयीसाठी, रुपेऱ्या म्हणू. हे नाव फक्त या धड्यापुरते, बरं का.

तो राहतो कुठे?

रुपेऱ्या आपल्याकडचा नाही. युरोपच्या उत्तरेला नॉर्वे आणि स्वीडन हे दोन थंड देश आहेत. त्यांच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात, तळाच्या मऊ चिखलात तो राहतो. त्याचे भाऊबंद मात्र जगातल्या सगळ्या महासागरांत आहेत. काही जाती तर पाण्याखाली पाच-सहा हजार मीटरांवर आणि त्याहूनही खोल सापडल्या आहेत.

पाच हजार मीटर म्हणजे किती? आपल्या गावची विहीर आठ-दहा परस खोल असली तरी आत वाकून बघताना पोटात गोळा येतो. इथे तर पाच किलोमीटर खोल पाणी! सकाळी शेजारच्या गावच्या बाजाराला चालत जावे, तेवढे अंतर सरळ खाली.

तिथे सूर्याचा उजेड पोचत नाही. दिवस नाही, रात्र नाही, कायमचा काळोख. पाणी बर्फाहून जरासेच कोमट. आणि वरच्या पाण्याचे वजन केवढे! दर दहा मीटर खोल गेले की, बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे एक किलोचा दाब वाढतो. पाच हजार मीटर खोल गेले की नखाएवढ्या जागेवर सुमारे पाचशे किलो. म्हणजे धान्याची पाच क्विंटल पोती एका नखावर!

मग हा मऊ जीव चिरडत कसा नाही? कारण त्याच्या अंगात हवेची पोकळी नाही. आत पाणी, बाहेर पाणी. दोन्हीकडून सारखाच दाब. रिकामा डबा खोल पाण्यात चेपतो, पण पाण्याने भरलेला उघडा डबा चेपत नाही. तसेच हे आहे.

बाहेरून कसा दिसतो?

रुपेऱ्या लहानसाच आहे. साधारण दोन-चार सेंटिमीटर, म्हणजे करंगळीएवढा किंवा त्याहून लहान. त्याच्या भावकीतले काही जीव तर फक्त दोन-तीन मिलिमीटरांचे असतात, तांदळाच्या कणीएवढे.

अंग गोल, लांबट, दोरीच्या तुकड्यासारखे. गांडुळाच्या अंगावर वळी असतात. एकामागून एक कडी बसवावी तशी. रुपेऱ्याच्या अंगावर तशा वळी नाहीत. ही खूण ध्यानात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

त्याची कातडी भिंगाखाली पाहिली तर नवल वाटते. सगळ्या अंगावर बारीक बारीक खवले आणि काटे दाटीने बसलेले असतात. घराच्या छपरावर कौले कशी एकावर एक चढवलेली असतात, तसे. त्यांची टोके मागच्या बाजूला झुकलेली असतात, म्हणून चिखलात पुढे सरकताना ती अडत नाहीत. याच खवल्यांवर उजेड पडला की अंग रुपेरी चमकते.

हे खवले कशाचे आहेत? चुन्याचे. म्हणजे ज्या पदार्थाचा शिंपला बनतो, त्याच पदार्थाचे. कोकणात पूर्वी शिंपले भाजून चुना करीत, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. गोगलगाय आपल्या कातडीतून चुना काढते आणि त्याचे एक मोठे घर बांधते. रुपेऱ्याही कातडीतून चुनाच काढतो, पण घर न बांधता हजारो बारीक खवले घडवतो. माल एकच, बांधकाम वेगळे.

त्याच्या पुढच्या टोकाला तोंड असते. तोंडापाशी खवले नसलेली, जाड कातडीची एक चकती असते. चिखलात डोके खुपसताना ती ढालीसारखी उपयोगी पडते. तिच्यात पुष्कळ नसा येतात, त्यामुळे पुढे काय आहे याची चाचपणीही ती करते. आंधळा माणूस काठीने वाट चाचपतो ना, तसेच. कारण रुपेऱ्याला डोळे नाहीत. जिथे उजेडच नाही, तिथे डोळ्यांचा उपयोग तरी काय?

तो चालतो कसा?

गोगलगाईला पोटाखाली एक रुंद, चिकट पाय असतो. रुपेऱ्याला पाय मुळीच नाही. मग चिखलात तो शिरतो कसा?

त्याच्या कातडीखाली स्नायूंचे थर आहेत. काही स्नायू अंगाभोवती कड्यासारखे गुंडाळलेले आहेत. काही डोक्यापासून शेपटीपर्यंत लांब गेलेले आहेत. कड्याचे स्नायू आवळले की अंग बारीक आणि लांब होते, आणि डोके पुढे घुसते. मग लांब स्नायू आवळले की अंग आखूड आणि जाड होते, चिखलात घट्ट बसते, आणि मागचा भाग पुढे ओढला जातो. पुन्हा लांब, पुन्हा आखूड. पाण्याने भरलेली पखाल मध्येच दाबली तर तिचे तोंड फुगते ना? तीच ही युक्ती.

अशा रीतीने तो चिखलात डोके खाली करून शिरतो. शेपटीचे टोक मात्र चिखलाच्या वरच्या थरापाशी ठेवतो. ते का, ते लवकरच कळेल.

आत काय आहे?

आता आपण रुपेऱ्याच्या अंगात डोकावू. खरी गंमत इथेच आहे.

दात. गोगलगाय पान खाते ते कसे, हे कधी पाहिले आहे का? २०२२ सालच्या पावसाळ्यात मराठवाड्यात गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. दुबार पेरणीची पाळी आली. एवढा मऊ जीव, मग रोपे कशाने कुरतडतो? तिच्या तोंडात फितीसारखी एक जीभ असते आणि तिच्यावर बारीक दातांच्या ओळीच्या ओळी असतात. सुताराची कानस असते ना, तशी. ही दातांची जीभ हलवून ती पान खरवडते. अशी जीभ गांडुळाला नसते. माशाला नसते. माणसाला तर नाहीच. ती फक्त गोगलगाईच्या भावकीतल्या प्राण्यांना असते.

रुपेऱ्याच्या तोंडाच्या आत, घशापाशी, तीच वस्तू सापडते. फार लहान आणि साधी झालेली, पण तीच. पुष्कळ ओळींच्या जागी दोन इवलेसे दात, आणि त्यांना आधार देणारा एक कठीण, निमुळता तुकडा. चिखलात कवच असलेले अगदी सूक्ष्म जीव असतात, तेच त्याचे मुख्य अन्न.

पोट. तोंडापासून शेपटीपर्यंत अन्नाची नळी जवळजवळ सरळ जाते. मध्ये जठर आहे. जठराला जोडून एक लांब पिशवी आहे. ती एका टोकाला बंद असते. या पिशवीत अन्न पचवणारा रस तयार होतो. उरलेला गाळ आतड्यातून शेपटीकडे जातो.

श्वास. आपण नाकाने श्वास घेतो. मासा कल्ल्यांनी घेतो. रुपेऱ्याचे कल्ले आहेत शेपटीला! अंगाच्या मागच्या टोकाला घंटेसारखी एक पोकळी आहे. तिच्यात कल्ल्यांची एक जोडी असते, दोन पिसांसारखी. बाहेरचे ताजे पाणी या पिसांवरून वाहते आणि पाण्यातला प्राणवायू रक्तात शिरतो.

आता समजले ना, तो शेपूट वर का ठेवतो ते? डोके खाली चिखलात जेवते आहे आणि शेपूट वर श्वास घेते आहे. तोंडात घास असताना ठसका लागायची भीतीच नाही! विष्ठाही याच मागच्या पोकळीत येते आणि पाण्याबरोबर वाहून जाते.

हृदय आणि रक्त. त्याला हृदयही आहे. ते पाठीच्या बाजूला, मागच्या टोकाकडे, एका पातळ पिशवीत असते. कल्ल्यांतून येणारे ताजे रक्त ते पुढे ढकलते. आपल्या अंगात रक्त नळ्यांतूनच वाहते. रुपेऱ्याच्या अंगात ते बहुतेक मोकळ्या जागांतून पसरते. एकात पाटाने पाणी नेतात, दुसऱ्यात वाफा भिजवून टाकतात, असाच फरक.

मेंदू आणि नसा. डोक्यात मज्जेची एक गाठ आहे. तोच त्याचा मेंदू म्हणा. तिथून चार दोऱ्या मागे जातात. दोन पोटाच्या बाजूने, दोन अंगाच्या कडांनी. त्यांना जोडणारे आडवे धागेही असतात. शिडीला पायऱ्या असतात ना, तसे.

पिल्ले. रुपेऱ्यात नर वेगळा आणि मादी वेगळी. पण बाहेरून दोघे सारखेच दिसतात. मादीची अंडी आणि नराचे बीज यांची वाट मोठी चमत्कारिक आहे. आधी ती हृदयाभोवतीच्या पिशवीत येतात, मग तिथून नळीने मागच्या पोकळीत, आणि मग समुद्राच्या पाण्यात. पाण्यातच दोघांची गाठ पडते. पिल्लू आधी पाण्यात पोहते, मग लांबट होऊन तळाला जाते आणि चिखलात मुक्काम करते.

किडा की गोगलगाईचा भाऊ?

स्वेन लोवेन नावाचे एक नामवंत प्राणिशास्त्रज्ञ स्वीडन देशात होऊन गेले. त्यांनी १८४४ साली या जिवाला नाव दिले आणि तो किड्यांत घातला. त्यात नवल नाही. बाहेरून तो किडाच दिसतो.

पण पुढे लोकांनी त्याचे अंग उघडून पाहिले. भिंगाखाली आतली रचना तपासली. आणि हळूहळू खुणा जुळू लागल्या. त्या आपण पुन्हा एकदा मोजू.

पहिली खूण: गांडुळासारख्या वळी नाहीत, बाहेर नाहीत आणि आतही नाहीत.

दुसरी खूण: कातडी चुना घडवते.

तिसरी खूण: घशात दातांची ती खास वस्तू आहे.

चौथी खूण: मागच्या पोकळीत पिसांसारखे कल्ले आहेत. समुद्रातल्या शंखांच्या आणि शिंपल्यांच्या अंगात असतात तसेच.

पाचवी खूण: पाठीकडे, पिशवीत बसलेले हृदय आहे.

कवच नाही, पाय नाही, डोळे नाहीत, हे खरे. पण जे आहे, ते सगळे गोगलगाईच्या भावकीचे आहे. या भावकीला शास्त्रात मृदुकाय म्हणतात, म्हणजे मऊ अंगाचे. तिच्यात गोगलगाय आहे, शंख आहे, शिंपला आहे, कोकणातली कालवे आणि तिसऱ्या आहेत, माकूलही आहे. रुपेऱ्याही त्यांच्याच पंगतीला बसला.

रूप असे फसवते, याचे आणखी एक उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच मिळते. होडीच्या लाकडात भोके पाडणारा एक लांबट 'किडा' असतो. त्याच्यापायी होड्या पोकळ होतात. तो खरा किडा नाहीच. तो शिंपल्याच्या जातीचा आहे. त्याच्या डोक्याकडे दोन इवल्या शिंपा असतात, आणि त्यांनीच तो लाकूड कोरतो.

रुपेऱ्याचे अंग तपासणारा डॉक्टर

१८७७ साली नॉर्वे देशात रुपेऱ्याच्या अंगरचनेवर एक मोठा लेख छापला गेला. तो लिहिणारे होते गेरहार्ड आर्मावर हान्सेन. हे हान्सेन कोण, ते ऐका. त्यांचा आणि आपला फार जवळचा संबंध आहे.

हान्सेन हे बर्गेन शहरातले डॉक्टर. त्या काळी नॉर्वेत कुष्ठरोगाचे रोगी पुष्कळ होते. ज्याला आपल्याकडे पूर्वी महारोग म्हणत, तोच हा रोग. आपल्याकडे लोक म्हणत, हे मागल्या जन्मीचे पाप. तिकडचे मोठे डॉक्टर म्हणत, हा रोग बापाकडून मुलाकडे रक्तातून येतो. असे म्हणणाऱ्यांत डॉक्टर डॅनिएलसेन हे अग्रणी होते. ते नावाजलेले डॉक्टर. तेच हान्सेन यांचे वरिष्ठ, आणि पुढे त्यांचे सासरेही झाले. गंमत अशी, की डॅनिएलसेन यांनाही समुद्रातल्या जिवांचा नाद होता. रुपेऱ्याच्या भावकीतल्या जिवांची वर्णने त्यांनीही लिहिली आहेत.

हान्सेन यांनी सासऱ्यांचा मान राखला, पण त्यांचे मत मान्य केले नाही. त्यांनी रोग्यांच्या अंगावरच्या गाठींतला अंश काढून भिंगाखाली पाहिला. १८७३ साली त्यांना त्यात बारीक काड्यांसारखे जंतू दिसले. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, पापामुळे नव्हे, रक्ताच्या वारशाने नव्हे, याचा तो पाया ठरला.

पाहा, एकच माणूस. तोच डोळा, तेच भिंग. एकीकडे समुद्रातला किडा, दुसरीकडे माणसाचा रोग. रीत दोन्हीकडे एकच. बाहेरून बघून निकाल द्यायचा नाही. आत पाहायचे, मग बोलायचे.

या रोगाबद्दल दोन शब्द इथेच सांगतो, कारण ते प्रत्येक घरी माहीत असायला हवेत. कुष्ठरोग आज पूर्ण बरा होतो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची रीत सांगितली. ही औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर ती घ्यावी लागतात. उपचार सुरू झाले की रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती राहत नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे टोचलेले कळत नसेल, तर लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. वेळीच दाखवले तर हातापायांची बोटे वाचतात.

आणि एक गोष्ट. हान्सेन यांना जंतू दिसला १८७३ साली. पण नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येतो, हे कलम आपल्या देशाच्या कायद्यातून निघाले २०१९ साली. मध्ये १४६ वर्षे गेली. भिंगाखाली दिसलेले सत्य लोकांच्या मनात उतरायला एवढा वेळ लागतो. तेवढ्या वेळात किती घरे मोडली असतील! म्हणून वाचता येणाऱ्या माणसाने वाचलेले दुसऱ्याला सांगितले पाहिजे.

रुपेऱ्याची चुलत भावंडे

रुपेऱ्याच्या गटात सव्वाशेच्या वर जाती माहीत आहेत. त्याच्या चुलत भावंडांचा आणखी एक गट आहे. त्यात सुमारे तीनशे जाती आहेत. तेही किड्यासारखेच लांबट, अंगावर चुन्याचे काटे. पण त्यांच्या पोटावर डोक्यापासून मागेपर्यंत एक बारीक खाच असते, नांगराचे एकच तास काढावे तशी. त्या खाचेत एक अरुंद घडी असते. तोच त्यांचा उरलासुरला पाय. चिकट रसावरून ते हळूहळू सरकतात. पुष्कळसे पोवळ्यांसारख्या जिवांवर गुंडाळून बसतात आणि त्यांनाच खातात. त्यांच्यात नर-मादी वेगळे नसतात. एकाच अंगात दोन्ही असतात, आपल्या शेतातल्या गोगलगाईसारखे.

दगडात सापडलेला पुरावा

आता एक शंका राहते. या भावकीला कवच आधीपासून नव्हतेच, की होते आणि गेले?

समुद्रकाठच्या खडकांवर एक चपटा जीव घट्ट चिकटून बसलेला असतो. त्याच्या पाठीवर कवचाचे आठ तुकडे एकापुढे एक असतात. २०११ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी या प्राण्यांच्या पेशींतला वारसा ताडून पाहिला. तेव्हा हा आठ तुकड्यांचा जीवच रुपेऱ्याचा सर्वांत जवळचा नातलग निघाला.

आणि पुढच्याच वर्षी, २०१२ साली, दगडातून साक्ष मिळाली. इंग्लंडमध्ये हेरफर्डशायर नावाचा भाग आहे. तिथल्या सुमारे साडेबेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या दगडात एक जीव सापडला. अंग रुपेऱ्यासारखे लांबट, अंगावर काटे, आणि पाठीवर कवचाचे सात तुकडे! शास्त्रज्ञांनी तो दगड थराथराने घासला. प्रत्येक थराचे चित्र घेतले. मग सगळी चित्रे संगणकात एकावर एक ठेवून पूर्ण जीव उभा केला.

म्हणजे रुपेऱ्याच्या पूर्वजांच्या पाठीवर कवच असावे. चिखलात शिरून राहायचे ठरले, तेव्हा कवचाची अडचण झाली असावी. मग पिढ्यानपिढ्या ते कमी होत नाहीसे झाले, असा तर्क शास्त्रज्ञ करतात. अरुंद बोळात राहायला जाणारा माणूस रुंद पलंग बरोबर नेत नाही, तसेच हे.

याचा आपल्याला उपयोग काय?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे सगळं खरं. पण याच्यापासून ना दूध, ना लोकर, ना खत. मग एवढी माहिती कशापायी?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो.

खोल समुद्राच्या तळावर काही ठिकाणी बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले आहेत. त्यांत मँगेनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट हे धातू असतात. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी 'गवेषणी' या जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून असे गोळे वर काढले. पुढे २००२ साली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी भारताचा करार झाला. हिंदी महासागराच्या मधल्या भागात ७५,००० चौरस किलोमीटर तळ भारताला या शोधासाठी मिळाला. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव भागाएवढा.

बॅटरीला, तारांना, यंत्रांना हे धातू लागतात. म्हणून अनेक देशांना हे गोळे हवे आहेत. पण हे गोळे उचलायला यंत्र तळावर फिरले, तर वरचा चिखलही उपसला जाणार. आणि त्याच चिखलात कोण राहते? पॅसिफिक महासागरात असे गोळे आहेत त्या तळावर रुपेऱ्याचे भाऊबंद सापडले आहेत. असा एक गोळा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षे लागतात. तिथला चिखलही फार सावकाश साचतो. एकदा ओरखडा उठला की तो सहज बुजत नाही.

धातू काढावे की न काढावे, किती काढावे, हा मोठ्यांनी बसून ठरवायचा प्रश्न आहे. पण शेत नांगरण्याआधी शहाणा शेतकरी बघतो, की टिटवीने कुठे अंडी घातली आहेत का. तळ उकरण्याआधी तिथे कोण राहते, किती राहतात, काय खातात, हे तर माहीत हवे. आणि ते कळायचे तर कोणीतरी करंगळीएवढ्या जिवाचे अंग भिंगाखाली धरून बसले पाहिजे. ज्याचे नावच नाही, त्याची दाद कोण मागणार? सरकारच्या कागदावर ज्याच्या नावाची नोंद नाही, त्याला नुकसानभरपाई मिळत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको.

शेवटचे बोलणे

रुपेऱ्याकडून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली: जे नाही, त्यावरून कोणाची जात ठरत नाही. रुपेऱ्याला कवच नाही, पाय नाही, डोळे नाहीत. 'नाही'चीच यादी धरून बसले असते, तर तो आजही किड्यांतच राहिला असता. त्याच्यापाशी काय आहे हे लोकांनी पाहिले, तेव्हा तो खरा कोण ते कळले.

दुसरी: आत पाहायला वेळ द्यावा लागतो. किडा असो, रोग असो, नाहीतर माणूस असो. वरवर पाहून निकाल देणे सोपे. पण तो निकाल चुकला, तर सोसतो दुसराच.

उद्या बांधावर गोगलगाय दिसली, तर थोडा वेळ थांबा. तिची शिंगे बघा, तिचा पाय बघा, पानावरचे खरवडलेले ठसे बघा. मग मुलांना जवळ बोलवा आणि सांगा, "हिचा एक भाऊ आहे. तो समुद्राच्या तळाशी, काळोखात, डोके खाली करून उभा असतो."

विचार करा आणि बोला

१. गांडूळ आणि रुपेऱ्या यांच्यात दिसायला सारखे काय आहे? वेगळे काय आहे?

२. रुपेऱ्या शेपूट वर का ठेवतो?

३. रुपेऱ्या गोगलगाईच्या भावकीतला आहे, हे कोणत्या पाच खुणांवरून कळते?

४. कुष्ठरोगाबद्दल तुमच्या गावात कोणते गैरसमज आहेत? ते दूर करायला तुम्ही काय कराल?

५. समुद्राच्या तळावरचे धातू काढावे का? वर्गात दोन बाजू करून बोला.